चाळीसपटीचा भुंगा

नंबररावांचं चष्म्याचं दुकान होतं. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्यांना त्या माणसाचं नाव आठवत नसे. 'उजवा उणे तीन, डावा जरा तिरका' एवढंच आठवे. मग गावानेही फिट्टंफाट केली. त्यांचं खरं नाव विसरून टाकलं आणि त्यांना नंबरराव म्हणायला सुरुवात केली. ही पदवी कौतुकाचीच आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

दुकान लहान, पण नीटनेटकं. दर्शनी कपाटात फ्रेमांच्या रांगा, भिंतीवर वरून खाली बारीक होत जाणारा अक्षरांचा तक्ता, आणि मागे काच घासायचं यंत्र. तीस वर्षं त्या यंत्रापुढे बसल्यामुळे भिंग म्हणून जगात जे काही आहे ते आपल्याला कळतं, अशी त्यांची खात्री झाली होती. "माझा जन्म भिंगात गेलाय," असं ते गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर त्या वेळी तपासणीची जड चौकट असे. बिचाऱ्याला पळताही येत नसे.

त्यांच्या बायकोला सगळे ताई म्हणत. प्रयोगशाळेतले म्हणत, शेजारी म्हणत, आणि धाकटा सख्खा भाऊ तर म्हणेच. ताई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. सव्वीस वर्षं, रोज सकाळी साडेआठ ते दुपारी चार, मायक्रोस्कोपला डोळा लावून. या सव्वीस वर्षांत 'तू दिवसभर त्या नळीतून बघतेस तरी काय?' असं नंबररावांनी एकदाही विचारलं नव्हतं. त्यांचा एकच प्रश्न ठरलेला असे, तो म्हणजे डबा परत आणलास का.

हे सगळं असंच सुखाने चालू राहिलं असतं. पण गावात एक छायाचित्र मंडळ होतं. वाचनालयाच्या वरच्या दालनात त्याचं दरवर्षी प्रदर्शन भरे, आणि त्या वर्षी त्यात ताईच्या भावाच्या, म्हणजे नंबररावांच्या मेहुण्याच्या, फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. मेहुण्याची लाकडाची वखार होती. दिवसभर फळ्या मोजणारा माणूस तो. त्याने वखारीच्या हौदावर बसलेल्या एका चतुराचा फोटो काढला होता. पंखांची जाळी अशी आली होती की माणसं समोरून हलत नव्हती.

नंबरराव फोटोपुढे उभे राहिले. चष्मा वर केला, खाली केला.

"किती पट आहे हा?"

"एकपट, भावोजी," मेहुणा म्हणाला. "म्हणजे चतुर जेवढा असतो तेवढाच आत सेन्सरवर पडतो. मग छापताना मोठा करायचा."

"फक्त एकपट?" नंबररावांनी आजूबाजूच्यांनाही ऐकू जाईल असा आवाज लावला. "अरे, एकपट म्हणजे आमच्यात शून्य नंबर. शून्य नंबरचा चष्मा घालून कुणाला बक्षीस देतात का?"

मेहुणा हसला. त्याचा स्वभावच तसा, कुणी टाचणी टोचली तर टाचणी परत करणारा. पण नंबररावांच्या मनात त्या दिवशी आकडा पक्का झाला. चाळीसपट. त्याच्या चाळीस पट.

साध्या कॅमेऱ्याच्या भिंगाने एवढं मोठं होत नाही. चार-पाच पटींच्या पुढे जायचं तर मायक्रोस्कोपचं ऑब्जेक्टिव्ह काढून कॅमेऱ्याला जोडावं लागतं. ऑब्जेक्टिव्ह म्हणजे वस्तूच्या अगदी नाकाला नाक लावून बसणारं ते खालचं भिंग. इथपर्यंतचं नंबररावांनी इंटरनेटवर वाचलं आणि ते बरोबरही होतं. त्यापुढचा प्रश्न एवढाच होता की ऑब्जेक्टिव्ह घ्यायचं कोणतं. या प्रश्नाने सात महिने खाल्ले.

त्यांनी जाड पुठ्ठ्याची वही आणली. पानावर चार रकाने आखले. पट किती, बारीक तपशील पकडायची ताकद किती, वस्तूपासून किती अंतरावर काम करतं, आणि वर काचेची पट्टी हवी की नको. एकशे बारा ऑब्जेक्टिव्हांची माहिती त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवली. रकाने चारही भरले. वाचला मात्र पहिलाच.

दरम्यान मंडळात त्यांची तीन व्याख्यानं झाली. 'ऑब्जेक्टिव्हची निवड: भाग एक', 'भाग दोन', आणि 'काही गैरसमज'. गैरसमज म्हणजे इतरांचे. त्यांच्या सल्ल्यावरून तिघांनी चाळीसपटीची ऑब्जेक्टिव्हं मागवलीदेखील. मंडळाचे सचिव, निवृत्त चित्रकला शिक्षक, भिडस्त माणूस, त्यांनी एकदा हळूच विचारलं, "नंबरराव, आपण काढलेला एखादा नमुना दाखवाल का? मुंगीचा पाय वगैरे?"

"आधी सिद्धांत पक्का," नंबरराव म्हणाले. "पाय काय, कधीही काढता येतो."

उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात. नंबररावांनी तर उंटही अजून मागवलेला नव्हता.

शेवटी एकदाचं पार्सल आलं. कापसात गुंडाळलेलं, बोटाएवढं, काळ्या रंगाचं आणि टोकाला चकचकीत धातूची कड असलेलं. अंगावर आकडा कोरलेला होता: चाळीस. आकडे आणखीही तीन होते, पण ते बारीक होते. नंबररावांनी ते पोकळ नळ्यांवर चढवलं, नळ्या कॅमेऱ्याला लावल्या, कॅमेरा स्क्रूने इंचाइंचाने नव्हे तर केसाकेसाने सरकणाऱ्या पट्टीवर बसवला, आणि हे सगळं प्रकरण जेवणाच्या टेबलावर मांडलं. त्या दिवसापासून घरात जेवण मांडीवर ताट घेऊन होऊ लागलं.

विषय मेहुण्यानेच पुरवला. वखारीत एका ओंडक्याच्या सालीखाली त्याला मेलेला भुंगा सापडला होता. पाठ हिरवी-सोनेरी, डोळे तांब्याच्या टाचणीसारखे, मिशीपासून नखापर्यंत शाबूत. त्याने तो काडेपेटीत कापूस घालून आणला.

"जपून हं, भावोजी. दहा वर्षांत असा एकच मिळालाय."

"अरे, माझ्या हातातून रोज काच जाते," नंबरराव म्हणाले. "भुंग्याचं काय घेऊन बसलास!"

शनिवारी दुपारी दुकान बंद करून ते कामाला बसले. भुंगा टाचणीवर टोचून ऑब्जेक्टिव्हसमोर ठेवला. पडद्यावर नुसतं करडं धुकं. स्क्रू फिरवला. करडंच. आणखी फिरवला. कडेला काहीतरी तांबूस चमकलं. नंबररावांना वाटलं, आलंच आता. ऑब्जेक्टिव्ह भुंग्याच्या इतकं जवळ गेलं होतं की मधे उजेड शिरायलाही फट राहिली नव्हती. ताई पलीकडे भाजी निवडत होती. तिने मान वर केली, बघितलं, तोंड उघडलं; पण तेवढ्यात नंबररावांनी एक हात वर करून 'गप्प' अशी खूण केली. म्हणून ती पुन्हा भाजी निवडू लागली.

चर्र!

आवाज अगदी बारीक होता, पापड मोडल्यासारखा. नंबररावांनी आधी ऑब्जेक्टिव्हला काही झालं का ते बघितलं. मग भुंग्याला. उजव्या डोळ्याची वरची कड आत गेली होती. त्यांनी भुंगा अलगद काडेपेटीत ठेवला, पेटी बंद केली, आणि जणू पेटीच कुणी दुसऱ्याने आणून ठेवली आहे अशा चेहऱ्याने हात धुऊन आले.

संध्याकाळी त्यांनी मेहुण्याला फोन लावला.

"अरे, तुझा भुंगा एका बाजूने चेपलेला आहे. ओंडक्याखालचा ना? व्हायचंच."

"चेपलेला?" मेहुण्याला कळेना. "मला तर चांगला दिसला होता, भावोजी."

"तुला दिसला असेल. तुला चष्मा आहे. अधिक दीड. मीच दिलाय, मला माहीत नाही होय?"

मेहुणा एवढा सरळ, की दुसऱ्या दिवशी डोळे तपासून घ्यायला दुकानात हजर. नंबररावांनी त्याला चौकट चढवली, तक्ता वाचायला लावला, आणि गंभीरपणे मान हलवून नंबर पाव अंशाने वाढवला. निदान त्या बाबतीत ते खोटं बोलले नाहीत. नंबर खरोखरच वाढला होता. मन खात होतं म्हणून असेल, पण दुकानातली सगळ्यात भारी फ्रेम त्यांनी मेहुण्याला फुकट दिली. मेहुण्याने वाकून नमस्कार केला. नंबररावांनी तो घेतलासुद्धा.

ताईने हे सगळं ऐकलं. त्या रात्री तिने त्यांना वाढलं, पण आणखी हवं का ते विचारलं नाही.

प्रदर्शन जवळ आलं. सचिवांनी यादी छापली, त्यात पहिल्याच ओळीत 'नंबरराव: भुंगा, चाळीसपट'. आणि नंबररावांकडे दाखवायला होतं धुकं. पाच आठवडे धुकंच. कधी दिव्याचा दोष, कधी टेबलाचा, कधी खालून जाणाऱ्या गाड्यांचा. एकदा तर ते म्हणाले की भुंग्याच्या जातीतच दोष आहे, दुसरी जात घ्यायला हवी होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण, दिवा, गाडी आणि भुंगा, सगळंच वाकडं.

एका रविवारी सकाळी ते टेबलाशी डोकं धरून बसले होते. ताईने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि हात पुढे केला.

"बघू ते."

"कळणार नाही तुला. हे कॅमेऱ्याचं आहे."

"मायक्रोस्कोपचं आहे," ताई म्हणाली, आणि ऑब्जेक्टिव्ह उजेडात धरून त्यावरचे आकडे वाचले. वाचायला तिला श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. "अहो, हे काचपट्टीचं आहे. स्लाइडवर आम्ही नखाहून पातळ काच ठेवतो ना, ती मधे असेल तरच हे नीट दाखवतं. भुंग्याच्या डोळ्यावर काच ठेवणार होतात का? आणि हे बघतं अर्ध्या-पाऊण मिलिमीटरवरून. आमच्याकडे नवीन कुणी आलं की पहिल्या आठवड्यात हे हमखास स्लाइडवर आपटतात."

"आणि मग?"

"दुसऱ्या आठवड्यात नाही आपटत."

नंबररावांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. "तुला हे माहीत होतं?"

"सव्वीस वर्षं."

"मग सात महिने बोलली का नाहीस?"

"तुम्ही व्याख्यानाच्या सुरुवातीलाच सांगितलंत ना, प्रश्न शेवटी घेऊ. मी शेवटाची वाट बघत होते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण नंबररावांना ठाऊक होती. पण कळसा असा चहा घेऊन समोर उभा राहतो, हे त्यांनी ऐकलं नव्हतं.

प्रयोगशाळेच्या कपाटात एक मोडका मायक्रोस्कोप वर्षानुवर्षं पडून होता. ताईने डॉक्टरांना विचारून त्याचं दहापटीचं ऑब्जेक्टिव्ह आणलं. मऊ कागदाने पुसलं आणि नळीवर चढवलं.

"दहाच?" नंबररावांचं तोंड कडू झालं. "माझ्या वहीत हे शेवटच्या पानावर आहे."

"वही उलटी धरा. हे सहा-सात मिलिमीटर लांबून बघतं. मधून उजेड जातो. आणि याला काचपट्टी असली काय, नसली काय, फरक पडत नाही."

"पण तपशील? चाळीसवाल्याची ताकद याच्या अडीचपट आहे. मी लिहिलंय!"

"आहे ना. काचेखाली आणि उजेडात. अंधारात ती ताकद घेऊन काय करणार?" ताई नळ्यांची लांबी पट्टीने मोजत होती. "याला जेवढं दिसतं ते खरं दिसतं. मग छापताना करा हवं तेवढं मोठं. भिंगाने जे धरलंच नाही, ते छापखान्यात कुठून येणार?"

तिने दिव्यापुढे पांढऱ्या कागदी पेल्याचा कापलेला तुकडा धरला, तसा भुंग्यावरचा भगभगीत उजेड दुधासारखा पसरला. एवढ्या मोठ्या फोटोत एका वेळी फक्त एक पातळ पापुद्रा स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा, आणि शेवटी सगळे फोटो कॉम्प्युटरवर एकत्र जोडायचे. दीडशे फोटो. नंबररावांना तिने खुर्ची दिली आणि दोन अटी घातल्या: उठायचं नाही आणि बोलायचं नाही, टेबल हलतं. उठायचं नाही हे त्यांना जमलं. बोलायचं नाही हे चाळिसाव्या फोटोपर्यंत जमलं, मग ताईने एकदा नुसतं बघितलं, आणि पुढचे एकशे दहाही जमले.

तिने भुंग्याचे दोन्ही डोळे कॅमेऱ्यात टिपले, आधी डावा, मग उजवा. चित्र पडद्यावर उभं राहिलं तेव्हा नंबररावांनी चष्मा वर केला, खाली केला. भुंग्याचा डोळा म्हणजे तांब्याच्या षट्कोनांचं शेत होतं, एकही कोन चुकलेला नाही. भोवती हिरव्या-सोनेरी खळग्यांचं पठार. उजव्या डोळ्यात तर त्या शेतावर दरड कोसळलेली.

"डावा पाठवा," ताई म्हणाली.

"छे! उजवा. बघ काय नाट्य आहे त्यात. ती दरी, तो कडा!"

"उजवा पाठवू नका. नीट बघा त्यात काय आहे."

"डोळा कसा बघायचा ते मला शिकवतेस?" नंबररावांना कंठ फुटला होता. "मी डोळ्यांचाच माणूस आहे."

ताई आपली भाजी निवडायला गेली.

प्रदर्शनात फोटो तीन फुटांचा करून टांगला होता. खाली पाटी: 'आघात. चाळीसपटीहून अधिक. छायाचित्र: नंबरराव.' छापल्यावर केवढा झाला ते धरलं तर आकडा कमीच आहे, असा त्यांचा हिशेब. माणसं गोळा झाली. सचिव भारावून गेले. नंबरराव फोटोशेजारी, जणू भुंगा त्यांनीच घडवला असावा, असे उभे.

मेहुणा आला तो नवा चष्मा घालून. आधी लांबून बघून "वा!" म्हणाला. मग जवळ आला. मग आणखी जवळ. फळीवर हातोडीची कड बसली की कशी खूण उठते, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"भावोजी, ही चंद्रकोर कसली?"

"कुठली?"

"ही. चेपलंय ते गोलाईत चेपलंय. कंपासने काढल्यासारखं. ओंडका असा गोल बसत नाही."

"निसर्गात गोलाई असते, अरे."

"आणि या चंद्रकोरीत हा काळा टवका?"

सचिवांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते कौतुकाने म्हणाले, "तपशील काय आलाय पण, नंबरराव! रंगाचा टवका, शेजारी धातूची चकाकी, सगळं स्वच्छ दिसतंय!"

"परागकण आहेत ते," नंबरराव म्हणाले.

मेहुणा बहिणीकडे वळला. "ताई, तू सांग. परागकण आहेत?"

ताईने सव्वीस वर्षांत कुणाच्या रक्तात जे दिसलं तेच लिहिलं होतं, नात्यातल्यांच्यासुद्धा. "ऑब्जेक्टिव्हचा रंग आहे," ती म्हणाली. "चाळीसवाल्याचा."

"हा फोटो चाळीसवाल्याने काढलाय?"

"नाही. दहाच्याने. मी लावलं होतं."

दालनात कुणीतरी खोकलं. मेहुण्याने भारी फ्रेमचा तो नवा चष्मा काढला, घडी घातली, आणि नंबररावांच्या खिशात ठेवून दिला.

"नंबर अगदी बरोबर आहे, भावोजी. यातून फारच स्पष्ट दिसतं."

आणि तो जिना उतरून गेला.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, कारण परीक्षकांना घरातली भांडणं माहीत नसतात. नंबरराव ते घ्यायला गेले आणि म्हणाले, "यात आमच्या घरच्यांचाही थोडा हातभार आहे." पुढच्या महिन्यात मंडळाने त्या हातभाराचं व्याख्यान ठेवलं. ताई वीस मिनिटं बोलली. ऑब्जेक्टिव्हच्या अंगावरचे सगळे आकडे वाचा, नुसता मोठा नको. आणि विकत घ्यायच्या आधी विचारा की याच्या आणि माझ्या किड्याच्या मधे उजेडाला जागा उरते का. एवढंच. मागच्या रांगेत चाळीसपटीची ऑब्जेक्टिव्हं घेऊन बसलेले तिघे मान वळवून वळवून नंबररावांना शोधत होते. नंबरराव त्या दिवशी दुकानात होते. फार गर्दी होती म्हणे.

मेहुणा दोन महिने बोलला नाही. "तू कर ना त्याला एक फोन," असं नंबररावांनी ताईला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, "नाही." शेवटी एका सकाळी ते स्वतः वखारीत गेले. करवत चालू होती. ती थांबेपर्यंत ते भुशात उभे राहिले, चपला भरल्या, चष्म्यावर भुसा बसला, मग त्यांनी काडेपेटी पुढे केली.

"भुंगा माझ्याकडून फुटला."

मेहुण्याने पेटी उघडून बघितली. "एवढंच म्हणायला दोन महिने?"

"शब्द सापडत नव्हते."

"चहा घेता?"

"घेतो," नंबरराव म्हणाले, आणि फळ्यांच्या चळतीवर बसले. चहा येईपर्यंत त्यांनी चपलांतला भुसा झटकला. अर्धा कप पोटात गेल्यावर मात्र त्यांनी मेहुण्याला समजावून सांगितलं, की करवतीमुळे इथली जमीन थरथरते, इथे बारीक फोटोग्राफी कधीच जमणार नाही.

हल्ली ते गावात सांगतात की ती चंद्रकोर मुद्दाम ठेवली होती. कलेत माणसाची खूण उमटायला हवी. ऐकणारे मान डोलावतात, कारण बहुतेकांना चष्मा त्यांच्याकडूनच घ्यायचा असतो. मेहुणा नवीन किडा सापडला की काडेपेटी थेट प्रयोगशाळेत ताईच्या हातात देऊन येतो. आणि नंबररावांनी थरथर न होणाऱ्या टेबलाचा अभ्यास सुरू केला आहे. कोणता दगड, किती जाड, किती वजनाचा. नवी वही आणली आहे आणि रकाने पाच आखले आहेत. ताईने तोवर आपलं सामान स्वयंपाकघरातल्या दगडी ओट्याच्या टोकाला हलवलंय, आणि गेल्या रविवारी तिथेच एका पतंगाच्या पंखाचे दोनशे फोटो घेतले.